हाड जुळलं, अर्ज फिरतोच आहे

परवानगीचं पत्र आलं तेव्हा चौथा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. ऑफिसातले शिपाईमामा ते घेऊन ब्लॉकमध्ये आले. 'सदर विद्यार्थिनीस लेखनिक उपलब्ध करून देण्यास हरकत नसावी.' सदर विद्यार्थिनी त्या वेळी दुसऱ्या रांगेत बसून डाव्या हाताने लिहीत होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि गळ्यात बांधलेल्या झोळीत. लेखनिक कुणी शोधून ठेवलेलाच नव्हता, कारण पत्र आल्याशिवाय शोधायचा कसा? मी पत्र वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. ती लिहीत राहिली.

त्या ब्लॉकवर पहिल्या पेपरपासून माझीच सुपरव्हिजन होती. पहिल्या दिवशी तिला बारकोडचं स्टिकर सोलता येईना, ते मी सोलून चिकटवलं. सीट नंबर तिने स्वतः घातला, तो चौकटीबाहेर गेला. उत्तरपत्रिका सरकू नये म्हणून ती प्लास्टरची कड तिच्यावर दाबून धरायची आणि पहिलीतलं मूल पाटीवर गिरवतं तसं एकेक अक्षर काढायची. तीन तासांत पाच पानं झाली. ही मुलगी एरवी दोन पुरवण्या मागते. उत्तरं तिला येत होती. तिला मीच शिकवते म्हणून हे मला ठाऊक होतं, आणि तिच्या ओठांकडे बघूनही कळत होतं. हात पहिल्या वाक्यात अडकलेला असायचा, ओठ तिसऱ्या वाक्याला लागलेले असायचे.

आता हिशेब ऐका. पावसात पेव्हर ब्लॉकवरून तिची स्कूटी घसरली आणि मनगटाशी हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी वडील अर्ज घेऊन कॉलेजात हजर. परीक्षेला तेव्हा अठरा दिवस होते. अर्ज वर्गशिक्षकांकडून विभागप्रमुखांकडे गेला, तिथून परीक्षा विभागाच्या क्लार्ककडे, तिथून प्राचार्यांच्या सहीला, मग जावक रजिस्टरचा नंबर पडून वर. वरून शेरा मारून परत आला : दिव्यांग प्रमाणपत्र जोडलेलं नाही. वडील सिव्हिल हॉस्पिटलला गेले. तिथल्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं, "अहो, पोरगी दीड महिन्यात ठणठणीत होईल, तिला मी दिव्यांग कसं म्हणू?" मग एक्स-रे आणि साधं सर्टिफिकेट जोडून अर्ज पुन्हा वर. मध्ये एक रविवार, एक दुसरा शनिवार, एक सणाची सुट्टी, आणि एक दिवस साहेब मीटिंगला.

या सगळ्या फेऱ्यांत 'नाही' कुणीच म्हटलं नाही. एकही जण मुलीशी वाईट वागला नाही. क्लार्कने वडिलांना खुर्ची दिली, चहा विचारला. फक्त 'हो' म्हणायचा अधिकार कुणाचा हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने कागद पुढे सरकवला. मोडलेलं हाड कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. ते आपलं आपण सहा आठवड्यांत जुळतं. आपला अर्ज तेवढ्या वेळात जुळत नाही. या मुलांची सगळी अडचण या दोन मुदतींमध्ये आहे, आणि हाडाची मुदत आपल्या हातात नाही.

कायद्यात काय आहे तेही बघून घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. २१ प्रकारच्या दिव्यांगता त्यात आहेत, उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे, आणि महत्त्वाच्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगतेची अट आहे. व्याख्या सुरू होते ती 'दीर्घकालीन' या शब्दापासून. तो शब्द तिथे हवाच. हा कायदा जन्मभराची लढाई लढणाऱ्यांनी झगडून मिळवलाय आणि त्यांच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढा असं मी कधीच म्हणणार नाही. उलट लेखनिक मिळवण्यासाठी त्यांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्याची दिव्यांगता ४० टक्क्यांच्या मापात बसत नव्हती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग. ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की ४० टक्के भरत नाहीत एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. टक्क्यांचा अडसर तिथे हलला. काळाचा अडसर मात्र राहिला. दुखणं दीर्घकालीनच हवं.

म्हणजे सहा आठवड्यांचं प्लास्टर कायद्याच्या चौकटीबाहेर. ठीक. पण कायद्याने सांगितलं नाही म्हणून कॉलेजने करूच नये, असं कोणत्या कलमात लिहिलंय? मला दाखवा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत एमएसला गेली. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर पाय घसरून घोटा मोडला. तिथल्या दिव्यांग विद्यार्थी कार्यालयाला तिने रात्री ईमेल केली, डॉक्टरांचा कागद जोडला. आठवडा संपायच्या आत तिला वर्गापर्यंत न्यायला गाडी ठरली, एका प्रयोगाची तारीख बदलली, आणि तिला पुढच्या रांगेत पाय लांब करून बसता येईल अशी जागा मिळाली. फोनवर हे सांगताना तिचा आवाज दाटून आला होता. इथे असताना टायफॉइडमध्ये तिने जर्नल पूर्ण करण्यासाठी काय काय केलं होतं ते आम्हा दोघींनाही आठवत होतं. तिथे सगळं कायद्याने होतं असं समजू नका. काही आठवड्यांत बरी होणारी किरकोळ दुखापत तिथल्या कायद्यातही सहसा दिव्यांगतेत धरत नाहीत. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात तर 'दीर्घकालीन' म्हणजे किमान बारा महिने. तरीही या दोन्ही देशांतली कित्येक विद्यापीठं तात्पुरत्या दुखापतीसाठी वेगळा फॉर्म ठेवतात, कारण कार्यालय आधीपासून आहे, माणूस बसलेला आहे, आणि समोर आलेल्या पोराला 'तू आमच्या यादीत नाहीस' म्हणण्यापेक्षा मदत करणं त्यालाही सोपं जातं. आपल्याकडे असे कक्ष कागदावर आहेत. तिथल्या खुर्चीत बसलेला आणि 'हो' म्हणू शकणारा माणूस शोधावा लागतो.

लेखनिकाबद्दल एक गोष्ट मला गेल्या काही वर्षांत नीट कळली. उत्तर तोंडी सांगून लिहून घेणं ही स्वतंत्र कला आहे. दृष्टिहीन विद्यार्थी ती वर्षानुवर्षं कमावतो. किती वेगाने सांगायचं, परिच्छेद कुठे पाडायचा, लेखनिकाने चुकीचं लिहिलं तर कसं पकडायचं, हे त्याला सरावाने जमलेलं असतं. नुकताच हात मोडलेल्या मुलीने आयुष्यात एकही उत्तर असं सांगितलेलं नसतं. तिचा विचार हातातून येतो. लेखनिक खालच्या वर्गातला आणि दुसऱ्या विषयाचा घ्यायचा असतो, म्हणजे बेन्झीनचं कडं कसं काढायचं हेही तिनेच सांगायचं, समीकरणाचा कंस कुठे बंद करायचा तेही तिनेच. दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ देण्याचा नियम आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास. नवख्या मुलीला तो तास जास्तच लागतो, आणि आपण लेखनिक मंजूर केला तरी वेळेचा उल्लेख पत्रात करायला विसरतो. माझ्या पर्समधल्या त्या पत्रातही वेळेबद्दल अक्षर नव्हतं.

हात मोडला तर परीक्षा जाते. पाय मोडला तर अख्खं सत्र जातं.

आमची इमारत तीन मजली. सायन्सचे वर्ग वर. मागच्या वर्षी एक मुलगा कुबड्या घेऊन रोज तिसऱ्या मजल्यावर यायचा. दोन मित्र पुढेमागे, एकाच्या पाठीवर त्याची सॅक. प्रत्येक जिन्याच्या वळणावर तो थांबायचा, भिंतीला टेकायचा, कपाळ पुसायचा. इमारतीला लिफ्ट आहे. दारावर पाटी आहे : फक्त स्टाफसाठी. किल्ली स्टाफरूममधल्या खिळ्याला. तो मुलगा त्या लिफ्टच्या दारावरून रोज जात होता आणि आम्ही तिच्यातून वर जात होतो. मीही जात होते. महिनाभर माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि आलं त्या दिवशी मला वर जाताना कुणाकडे बघवेना.

मुलींचं आणखी अवघड. पाय प्लास्टरमध्ये असताना भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, आणि बहुतेक कॉलेजांत लेडीज टॉयलेटमध्ये कमोड नसतोच. मग मुली काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी सातला घरून निघायचं ते दुपारी दोनपर्यंत घोटभरही पाणी नाही. एकीने मला हे सांगितलं तेव्हा ती सहज सांगत होती, डबा खाल्ला म्हणावं तसं. औषधं चालू, प्लास्टरच्या आत उष्मा, आणि पाणी बंद. होस्टेलवर राहणारीची तर आणखी कथा. बादली भरून कोण देणार, मेसचं ताट वर कोण आणणार? मैत्रिणी आणतात. आपली सगळी व्यवस्था मैत्रिणींच्या जिवावर चालते आणि मैत्रिणीची परीक्षाही त्याच आठवड्यात असते.

वास्तविक उतार, रेलिंग, कमोड, लिफ्ट हे सगळं कायद्यानेच व्हायला हवं होतं. २०१७ च्या जूनमध्ये नियम निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती. ती २०२२ मध्ये संपली. आज व्हीलचेअरवरच्या मुलाला कित्येक कॉलेजांच्या पहिल्या पायरीशीच थांबावं लागतं. त्याच्यासाठी रॅम्प झाला असता तर प्लास्टरवाल्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नसतं. रॅम्प कुणाकडे प्रमाणपत्र मागत नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी रॅम्पचे आणि व्हीलचेअरचे जिओटॅग केलेले फोटो लागतात. एका कॉलेजात परीक्षेच्या कामाला गेले होते, तिथे स्टोअररूममध्ये खडूंच्या खोक्यांमागे व्हीलचेअर उभी होती. प्लास्टिकचं वेष्टन तसंच. चाकांवरसुद्धा. मी हात लावून पाहिलं, टायर कडक झाले होते.

आता हजेरी. सत्राचे शिकवण्याचे दिवस ९०, हजेरी हवी ७५ टक्के. म्हणजे ६८ दिवस वर्गात बसायचं, चुकवता येतात २२. पाय मोडला आणि डॉक्टरांनी सहा आठवडे टेकू नको सांगितलं, तर आठवड्याचे सहा दिवस धरून ३६ दिवस गेले. पोरगा डिफॉल्टर. हे एवढं गणित चौथीतल्या मुलाला येईल. प्लास्टर घातलं त्या दिवशीच कळतं की हा मुलगा यादीत जाणार. तरी आपण यादी लागेपर्यंत थांबतो. मग नोटीस बोर्डावर त्याचं नाव सिनेमाला जाणाऱ्यांच्या रांगेत लागतं, मग पालकांना बोलावणं, मग हमीपत्र. हमी कसली? पुन्हा पाय मोडणार नाही याची?

आणि प्लास्टर निदान दिसतं. न दिसणाऱ्या दुखण्यांचं कोण बघणार? पावसाळा सरता सरता डेंग्यू येतो. ताप आठवड्यात उतरतो, पण नंतरचे कित्येक दिवस पोराला जिना चढून वर्गात आल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बसावं लागतं. कावीळ झालेल्याचं तसंच. टीबीची औषधं साधारण सहा महिने घ्यायची असतात, म्हणजे एक अख्खं सत्र. औषधं नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूपच कमी होतो, पोरं वर्गात येऊ शकतात. पण सर्टिफिकेटवर आजाराचं नाव लिहिलेलं असतं आणि ते सर्टिफिकेट चार टेबलांवर उघडं फिरतं. माझ्या एका विद्यार्थिनीने म्हणूनच अर्ज दिला नाही. हजेरी गेली तरी चालेल, नाव फुटायला नको. लग्नाचं वय, गाव लहान. तिच्या जागी तुमची मुलगी असती तर तुम्ही तरी काय सांगितलं असतं? कॉलेजला कळायला हवं ते एवढंच : विद्यार्थिनी आजारी आहे, अमुक दिवस विश्रांती लागेल. आजाराचं नाव डॉक्टरकडे राहू दे.

करायचं म्हटलं तर होतं. केरळात कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये मुलींना पाळीच्या त्रासासाठी हजेरीत दोन टक्के सूट दिली. लगोलग तिथल्या सरकारने उच्च शिक्षण विभागाच्या सगळ्या विद्यापीठांना ती लागू केली. ७५ चे ७३ झाले. सूट लहान आहे, पण ती मागायला कुणाला टेबलाटेबलावर जाऊन पोटदुखी सांगत बसावी लागत नाही. नियमातच आहे. मला त्यातलं हे आवडतं.

स्टाफरूममध्ये हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं, "मॅडम, खोटी सर्टिफिकेटं किती येतात बघा." येतात. मी पाहिली आहेत. एकाच डॉक्टरचं लेटरहेड, एकच अक्षर, आठ मुलांना एकाच तारखेला व्हायरल फीवर. ते मला पाहताक्षणी कळलं, तुम्हालाही कळतं. वीस-पंचवीस वर्षं पोरांमध्ये काढल्यावर खरं दुखणं आणि थाप यातला फरक कळत नसेल तर आपण इतकी वर्षं बघितलं काय? एक्स-रे असतो, डिस्चार्ज कार्ड असतं, डॉक्टरचा फोन नंबर असतो. शंका आली तर फोन करा. पण आठ लबाडांना रोखायचं म्हणून नवव्या खऱ्या आजारी पोराला तापात ऑफिसच्या खिडकीशी उभं करायचं, हे मला मान्य नाही. ते आठ जण तसेही काहीतरी वाट काढतातच. अडकतो तो नववा.

आणि अडकल्यावर निस्तरायचंही त्यालाच. पेपरला बसता आलं नाही की निकालावर 'गैरहजर'. पुढे तो विषय सुटला तरी पहिल्या प्रयत्नात सुटला नाही हे कायमचं. कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या कंपन्या बॅकलॉग आहे का विचारतात, का आहे ते विचारत नाहीत. आमच्याकडे विद्यापीठाकडून कबड्डी खेळायला गेलेल्या मुलाचा बुडलेला पेपर वेगळा घेतला. योग्यच केलं. म्हणजे वेगळा पेपर काढता येतो, त्याची पद्धत ठरलेली आहे, प्रश्नपत्रिकेचा दुसरा संच तयार असतो. खेळताना गुडघा फिरून जो अंथरुणाला खिळला त्यालाही तोच पेपर द्यायला काय अडचण आहे, हे मी तीन सभांत विचारलंय. इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक कॉलेजात एक शिक्षक, त्याचं नाव आणि नंबर हॉल तिकिटाच्या मागे छापलेला. त्याच्याकडे अर्ज आला की दोन दिवसांत निर्णय, आणि तो निर्णय कॉलेजातच. वर फक्त कळवायचं, विचारायचं नाही. लेखनिकांची यादी जूनमध्येच तयार ठेवा, एनएसएसची पोरं आनंदाने येतात. बैठक व्यवस्था लावताना पायवाल्याचा नंबर तळमजल्याच्या ब्लॉकला टाका, त्यासाठी एका ओळीत खाडाखोड करावी लागते. चुकलेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या. प्लास्टर घातलेले दिवस हजेरीच्या छेदातूनच वगळा. पायाची बोटं सुजलेल्या मुलाला पाय ठेवायला समोर एक जादा बाक द्या. यातल्या कशालाही बजेट लागत नाही.

ती डाव्या हाताने लिहिणारी मुलगी तीन विषयांत पास झाली, एकात केटी लागली. पहिल्याच पेपरात, जिथे हाताला अजून सवय नव्हती. पेपर तपासणाऱ्याला काय कळणार, त्याच्यासमोर वेडंवाकडं अक्षर आणि पाच पानं. प्लास्टर निघाल्यावर ती मला भेटायला आली. मनगट बारीक झालेलं, कातडी सालपटलेली. मी ते पत्र तिला दाखवलं नाही.

या सत्रात पहिल्या वर्षाचा एक मुलगा मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन आला. मी त्याचा अर्ज कुणाच्याही टेबलावर न ठेवता सरळ प्राचार्यांपुढे धरला. सरांनी उभ्या उभ्या वाचला आणि त्यावरच पेनने लिहिलं, 'वर्ग तळमजल्यावर घ्यावा.' शिपाईमामांनी आणि मी मिळून दोन वर्गांची अदलाबदल केली, फळ्यावर खडूने नवीन खोली नंबर लिहिला. पंधरा मिनिटं लागली, त्यातली पाच डस्टर शोधण्यात गेली. प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या मजल्यावरून खाली येणार नाही. म्हणून लिफ्टची दुसरी किल्ली करायला दिली आहे. किल्लीवाला गुरुवारी देतो म्हणालाय.